इंजिन खोलायचं की नाही? दोन-चारशे रुपयांची पट्टी सांगते! ऐनवेळी अचूक गेज शोधायचं तरी कुठे?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर अवकाळी पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीची सकाळ फार मोलाची असते. डाऊनी पसरायच्या आत फवारणी झाली पाहिजे. आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर रुसतो. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. कसाबसा सुरू झालाच तर पांढरा धूर ओकतो आणि ब्लोअर जोडला की दम सोडतो. मेकॅनिक येतो, कान लावतो, धूर बघतो, डोकं खाजवतो आणि एक वाक्य बोलतो, "इंजिन खोलावं लागेल."

हे वाक्य महाग आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि मजुरी असं मीटर चालू होतं. शिवाय ट्रॅक्टर चार-सहा दिवस उभा. बाग मात्र थांबत नाही.

बहुतेक वेळा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. तो अंदाज बांधत असतो, आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा असला तरी तो अंदाजच असतो. अडचण अशी की सुरू व्हायला त्रास, धूर आणि ताकद कमी ही तिन्ही लक्षणं झिजलेल्या रिंगांमुळे येतात, गळक्या व्हॉल्व्हमुळे येतात, फुटलेल्या हेड गॅस्केटमुळे येतात आणि नुसतं टॅपेट घट्ट झालं तरीही येतात. पहिल्या कारणाचा खर्च हजारांत जातो, शेवटच्याचा जवळपास शून्य. कानाला या चौघांतला फरक कळत नाही. तो कळतो मोजल्यावर.

आणि मोजायचं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, गेज कुठंय? गॅरेजमधलं कोणीतरी नेलेलं असतं, पट्ट्या गंजलेल्या असतात किंवा मुळात ते कधी घेतलेलंच नसतं. म्हणून कोणत्या तक्रारीला कोणतं गेज लागतं, ते तासाभरात कुठून मिळू शकतं आणि नाहीच मिळालं तर कशावर भागवता येतं, हे गाडी चांगली असतानाच माहीत असलेलं बरं.

केसाच्या जाडीचा खेळ

माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाड असतो. अनेक लहान बाईकच्या व्हॉल्व्ह आणि टॅपेटमधली फट तेवढीच ठेवायची असते. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलसाठी जी जागा असते ती बऱ्याच इंजिनांत ०.०२ ते ०.०८ मिमीच्या दरम्यान. म्हणजे एका केसाइतकी चूक झाली तर माप संपलंच. डोळ्यांनी "ठीक दिसतंय" म्हणण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

त्यात आपल्याकडे मापांची भाषाही तीन प्रकारची. हार्डवेअरच्या दुकानात 'सूत' चालतं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुने मेकॅनिक 'थाउ'मध्ये बोलतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आणि नवं मॅन्युअल मिलिमीटरमध्ये असतं. "दहा थाउ ठेव" म्हणजे ०.२५ मिमी. हेच कोणी ०.१० मिमी समजून टॅपेट लावलं तर इंजिन त्या दिवशी छान शांत चालतं आणि काही आठवड्यांनी व्हॉल्व्ह जाळून बसतं. गेजवर दोन्ही आकडे छापलेले असतात. पट्टी आत घालण्याआधी आपण कोणता वाचतोय तेवढं बघावं.

आधी प्रेशर मोजायचं

सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते हे सांगणारं कॉम्प्रेशन गेज म्हणजे इंजिनाचा बीपी मोजायचं यंत्र. पेट्रोल इंजिनात प्लग काढून त्या जागी ते लावतात, डिझेलमध्ये नोझल काढून. पेट्रोल इंजिनाचं प्रेशर साधारण ८ ते १३ बार येतं आणि डिझेलचं २० ते ३५ बार. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

इथे पहिली चूक होते ती गेज निवडण्यात. पेट्रोलचं गेज साधारण २० बारपर्यंतच वाचतं. ते डिझेल इंजिनाला लावलं तर पहिल्याच फेरीत काटा टोकाला आपटतो आणि गेज कायमचं बाद होतं, नशीब वाईट असेल तर नळीही सुटून अंगावर येते. घाईत उसनं आणलेलं गेज आधी डायलवरचा शेवटचा आकडा वाचून मगच लावावं.

पेट्रोल इंजिन मोजायचं असेल तर ते गरम हवं, सगळे प्लग काढलेले हवेत, थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद हवा आणि बॅटरी दमदार हवी. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं की आत हवाच जात नाही, आकडा पडलेला दिसतो आणि चांगलं इंजिन विनाकारण खोललं जातं. सेल्फ मारून पाच-सहा दाब होऊ द्यायचे, आकडा लिहून ठेवायचा आणि पुढच्या सिलिंडरवर जायचं. एकटा आकडा फारसं बोलत नाही. सिलिंडरांमधला फरक बोलतो. १२, १२, ११.५ आणि ७ असं आलं तर चौथ्यात काहीतरी आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता मोठी.

आता त्या चौथ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवती बसतं आणि थोडा वेळ गळती बुजवतं. आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. हललाच नाही तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून जातेय. चमचाभर ऑइलने 'पूर्ण इंजिन' आणि 'फक्त हेड' यातला फरक कळतो, आणि बिलात तो फार मोठा असतो. डिझेलवर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे पिस्टनच्या वर जागाच इतकी कमी असते की ऑइलमुळे आकडा फसवा येतो आणि नुकसानही होऊ शकतं.

दोन गोष्टी लोकांना हमखास फसवतात. काही बाईकमध्ये किक किंवा सेल्फ हलका जावा म्हणून सुरू होताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी यंत्रणा असते. अशा बाईकचं प्रेशर कमीच दिसतं आणि तिथे ते तसंच असायला हवं.

दुसरी गोष्ट उंचीची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण १४-१५ टक्के विरळ. मुंबईत १२ बार दाखवणारं तंदुरुस्त इंजिन तिथे दहा-साडेदहाच दाखवतं. पेट्रोल गाडीच्या व्हॅक्यूम गेजचंही तेच. समुद्रकिनारी निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं, आणि दर हजार फुटांना त्यातला साधारण एक इंच कमी होतो. घाटावर जाऊन किनाऱ्याचे आकडे शोधत बसलं तर चांगली गाडीही आजारी ठरते.

नव्या गाड्यांमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो. पी-०३०३ आला तर तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढं कळतं. का आहे, हे तो सांगत नाही. कॉइल असेल, इंजेक्टर असेल, नाहीतर व्हॉल्व्ह जळलेला असेल. कॉइल बदलून बघू, प्लग बदलून बघू असं करत निम्मं बिल होतं आणि मग कोणालातरी प्रेशर मोजायचं सुचतं.

गप्प बसलेलं टॅपेट

कॉम्प्रेशन गेज मिळेपर्यंतही एक काम करता येतं, आणि त्याला लागतं जगातलं सगळ्यात साधं अचूक हत्यार. फीलर गेज. गॅरेजमध्ये याला सर्रास 'फिलर' म्हणतात. चाकूच्या पात्यांसारख्या पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर जाडी कोरलेली, ०.०५ पासून १.०० मिमीपर्यंत. दोन-चारशे रुपयांत बरा सेट मिळतो.

टॅपेट वाजायला लागलं की लोक घाबरतात. खरं तर वाजणारं टॅपेट निदान तक्रार तरी करतं. फट वाढली की ते टकटक करतं, थोडी ताकद कमी होते, पण घात लगेच होत नाही. धोका असतो तो गप्प टॅपेटचा. चालून चालून व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खाली बसत जातो, त्याची दांडी वर येते आणि फट आपोआप कमी होत होत शून्यावर येते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. प्रेशर गळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हा आपली उष्णता हेडला देत असतो. टेकणंच बंद झालं की तो जळतो. आणि एवढं सगळं होत असताना आवाज काहीच नाही. उलट मालक खूश असतो, इंजिन किती मऊ चालतंय बघा!

मोजायची रीत अशी. त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत सगळ्यात वर आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. इंजिन थंड की गरम, हे मॅन्युअल सांगेल तसं. बहुतेक ठिकाणी थंडच. मग सांगितलेल्या जाडीची पट्टी फटीत सरकवायची. ती तुपातून सुरी ओढल्यासारखी किंचित अडत सरकली पाहिजे. "किंचित" म्हणजे किती, यावर प्रत्येक मेकॅनिकचं वेगळं मत असतं. म्हणून सोपा उपाय: फट ०.१० हवी असेल तर ०.१० ची पट्टी जायला हवी आणि ०.१३ ची जायला नको. मत संपलं.

ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे हे सगळं लागू होत नाही. तिथे फट लावायचीच नसते.

प्लगच्या गॅपसाठी मात्र चपटी पट्टी फसवते. वापरलेल्या प्लगच्या टोकांना खड्डा पडलेला असतो. पट्टी त्या खड्ड्यावरून आडवी जाते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. तिथे तारेचं गेज घ्यावं. आणि इरिडियम प्लगच्या सुईसारख्या टोकाला काहीही टोचू नये.

शिलाई मशीनवर घासलेले ठोकळे

फीलरच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून नवीन माप तयार करता येतं. ०.०५ आणि ०.२० मिळून ०.२५. यात काय विशेष, असं आज वाटतं. पण याच कल्पनेने एका माणसाने सगळ्या जगाचं कारखान्याचं काम बदलून टाकलं.

कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनमधल्या एस्किलस्टुनाच्या सरकारी बंदूक कारखान्यात कामाला होता. कारखान्यात जर्मनीच्या माउझर पद्धतीच्या रायफली बनणार होत्या, म्हणून तो तिकडचा कारखाना पाहायला गेला. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळं गेज होतं. अशी हजारो गेज बनवायची तर वर्षं जातील, हे त्याच्या लक्षात आलं. मग १८९६ च्या सुमारास त्याने हिशेब मांडला. प्रत्येक मापाला एक गेज कशाला? मोजके ठोकळे असे निवडू की ते एकमेकांना जोडून हवं ते माप तयार होईल. १०२ ठोकळे पुरेसे निघाले. त्यातून १ ते २०१ मिलिमीटरच्या दरम्यान २०,००० वेगवेगळी मापं तयार होत होती!

कारखान्यात ठोकळे ढोबळ घडवून घ्यायचे आणि शेवटचं घासकाम घरी करायचं. त्यासाठी त्याने बायकोच्या शिलाई मशीनचंच ग्राइंडिंग मशीन करून टाकलं होतं. पृष्ठभाग इतके सपाट आणि गुळगुळीत होते की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून फिरवले की चिकटून बसत. पुढे १९२३ मध्ये हेन्री फोर्डने त्याला आपल्या कंपनीत घेतलं. एका जागी बनलेला पिस्टन दुसऱ्या जागी बनलेल्या सिलिंडरमध्ये न घासता बसायला हवा असेल तर दोन्हीकडचं मिलिमीटर एकच असायला हवं, आणि ते एकच ठेवायचं काम हे ठोकळे करत.

अमेरिकेचा इंच तेव्हा २५.४ मिमीपेक्षा किंचित मोठा होता आणि ब्रिटनचा किंचित लहान. योहान्सनने आपले इंचातले ठोकळे सरळ २५.४ वर बनवले, तेही २० अंश सेल्सिअसला. कारखान्यांनी ते वापरले आणि १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांनी अधिकृतपणे तेच मान्य केलं. वरच्या 'दहा थाउ'चा हिशेब आज सुटसुटीत बसतो तो त्यामुळे.

त्या २० अंशांचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. मे महिन्यात अकोल्यात शेडखाली ४२ अंश असतात. १०० मिमीचा पोलादी तुकडा तिथे २० अंशांच्या तुलनेत सुमारे ०.०२५ मिमीने वाढतो, आणि ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. म्हणून उन्हात ठेवलेला पिस्टन सावलीतल्या मायक्रोमीटरने मोजू नये. दोन्ही तासभर एकाच टेबलावर सावलीत ठेवले की बराचसा प्रश्न मिटतो.

आत्ता, या तासात, गेज कुठून आणायचं?

सगळ्यात जवळचं ठिकाण बहुतेकांना सुचतच नाही. गावातला लेथवाला. त्याच्याकडे मायक्रोमीटर आणि डायल गेज असतंच, कारण त्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. तालुक्याच्या गावी रिबोअर करणारं दुकान असेल तर तिथे बोअर गेज असतं. ते तो बाहेर देणार नाही आणि देऊही नये. ब्लॉक किंवा लायनर घेऊन तिथे जायचं. डिझेलचं कॉम्प्रेशन गेज आणि नोझल तपासायचा पंप मिळण्याची जागा म्हणजे फ्युएल पंपाचं काम करणारं दुकान. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड असेल तर तिथल्या निदेशकांशी ओळख ठेवणं फायद्याचं.

विकतच घ्यायचं असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायची गरज नाही. ऑनलाइनही मिळतं, पण ते येईपर्यंत बाग थांबत नाही. अमेरिकेत ऑटोझोनसारख्या दुकानांत पूर्ण अनामत ठेवून कॉम्प्रेशन गेज घरी नेता येतं आणि परत केलं की सगळे पैसे परत मिळतात. आपल्याकडे हा व्यवहार अजून ओळखीवर चालतो. उसनं नेलेलं गेज परत न आल्याच्या आठवणी प्रत्येक गॅरेजमध्ये असल्याने ती ओळखही जरा घट्ट असावी लागते.

घ्यायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. गाडीचा जुना प्लग, काढलेली नोझल किंवा ऑइल प्रेशरचा स्विच खिशात टाकून न्यावा. कारण गेज सहज मिळतं, घोडं अडतं ते आट्यांवर. बऱ्याच लहान बाईकच्या प्लगचे आटे १० मिमीचे, गाड्यांचे १४ नाहीतर १२ मिमीचे. गेजसोबत नेमका तोच अडॅप्टर नसला की तासाभराचा प्रवास वाया. डिझेलला तर प्रत्येक नोझलचा अडॅप्टर वेगळा.

ऑइल प्रेशरच्या गेजचीही हीच कथा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला म्हणजे प्रेशर बहुधा अर्ध्या बारच्याही खाली गेलंय. त्या दिव्याच्या भरवशावर "स्विच खराब असेल" म्हणत गाडी घरापर्यंत आणणाऱ्यांनी कितीतरी क्रँक खाल्लेत. स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावायला दहा मिनिटं लागतात आणि स्विच खराब आहे की ऑइल पंप, हे तिथल्या तिथे कळतं.

गेज मिळालंच नाही तर?

आता खरी गंमत. कोणत्याही तालुक्याच्या गावी एक वस्तू मिळते जिचं माप बहुतेक मेकॅनिकच्या हत्यारांपेक्षा अचूक असतं. बॉल बेअरिंग! ६२०३ नंबरचं नवं, चांगल्या कंपनीचं बेअरिंग घ्या. आतला व्यास १७ मिमी, बाहेरचा ४० मिमी. बाहेरचा व्यास ४० पेक्षा जास्त कधीच नसतो आणि कमी असला तर फार फार तर ०.०११ मिमीने. म्हणजे उसना आणलेला मायक्रोमीटर किंवा व्हर्निअर खरं बोलतोय का, हे तपासायला खिशातला एक दाखला तयार. रुंदीवर मात्र विसंबू नये, तिथे कंपन्यांना बरीच जास्त सूट असते.

दुसरी युक्ती जुन्या फिटर लोकांची. इंजिन खोललंय, लायनर बदलायचा की नुसत्या रिंगांवर भागेल हे ठरवायचंय आणि बोअर गेज नाही. एक नवी रिंग घ्यायची आणि बोअरमध्ये अगदी खाली, जिथे रिंग कधी घासत नाही तिथे बसवायची. पिस्टन उलटा धरून ढकलली की ती सरळ बसते. तिच्या दोन टोकांमधली फट फीलरने मोजायची. समजा ०.२५ आली. मग तीच रिंग वर, जिथे झीज सगळ्यात जास्त असते तिथे आणायची. आता फट ०.५५. फरक ०.३०. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४ हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. ०.३० ला ३.१४ ने भागलं की ०.०९५. म्हणजे बोअर वरच्या बाजूला जवळपास ०.१ मिमीने मोठा झालाय. हा आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायचा. व्यासातली झीज रिंगेच्या फटीत तिप्पट होऊन दिसते, म्हणून साध्या पट्टीलाही ती सापडते. बोअर लंबगोल झालाय का, हे मात्र या रीतीने कळत नाही. तो संशय असेल तर रिबोअरवाल्याकडे जावंच लागतं.

क्रँकच्या बेअरिंगसाठी प्लॅस्टिगेज नावाचा मऊ प्लॅस्टिकचा दोरा मिळतो. ऑइल पुसून कोरड्या केलेल्या जर्नलवर त्याचा तुकडा ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची आणि पुन्हा काढायची. दोरा किती पसरट झाला ते सोबतच्या कागदी पट्टीवर बघायचं. जितका रुंद तितकी फट कमी. हिरवा दोरा ०.०२५ ते ०.०७६ मिमी मोजतो, लाल त्याहून मोठ्या फटी. अट एकच, दोरा आत असताना क्रँक फिरवायचा नाही. कुरिअरच्या पाकिटात मावणारं आणि कॅलिब्रेशनची कटकट नसलेलं असं हे गेज प्रत्येक गॅरेजमध्ये का नसतं, हे कोडंच आहे.

काही जुगाड मात्र सोडून द्यावेत. हॅकसॉच्या पात्याने कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप लावायची पद्धत जुन्या स्कूटरच्या काळात चालून गेली, कारण पातं साधारण ०.६ मिमी जाड असतं आणि पॉइंटला थोडं इकडेतिकडे चालायचं. टॅपेटला ते चालत नाही. व्हिजिटिंग कार्ड, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा यांची जाडी पाकिटागणिक बदलते आणि दाबली की आणखी बदलते. आणि डिजिटल व्हर्निअर पडद्यावर ०.०१ दाखवतो म्हणून तो तेवढा अचूक आहे असं नाही. तो सहज ०.०२-०.०३ ने चुकतो. क्रँक जर्नलवर एवढी चूक म्हणजे चुकीच्या साइजचं बेअरिंग. तिथे मायक्रोमीटरच.

फीलरच्या तीन-चार पट्ट्या एकत्र करायची वेळ आली तर प्रत्येक पट्टी पुसून घ्यावी. मधला ऑइलचा आणि धुळीचा थरही जाडीत मोजला जातो. योहान्सनचे ठोकळे चिकटत होते ते स्वच्छ होते म्हणून.

आता तो ट्रॅक्टर

जुना, मेकॅनिकल पंपाचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे असं धरा. इंजिन कसंबसं चालू असताना एकेका नोझलचा पाइप किंचित सैल करून बघतात. जो सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. (कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्याही वर असतो आणि धार कातडी फोडून आत जाते.) समजा दोन नंबर निघाला.

मग इंजिन थंड होऊ द्यायचं, टॅपेट कव्हर काढायचं आणि फीलर घालायचं. मॅन्युअल ०.३० सांगतंय आणि दोन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ ची पट्टीही जात नाही. फट ०.३० वर लावायची. वीस मिनिटांचं काम. तोवर कोणीतरी मोटारसायकलवर जाऊन पंपवाल्याकडून डिझेलचं गेज आणि अडॅप्टर आणलेला असतो. नोझल काढून तिन्ही सिलिंडर मोजायचे.

२७, २५, २७ असं आलं तर नोझल परत बसवायच्या, कव्हर लावायचं आणि ब्लोअर जोडायचा. पन्नासेक तास चालल्यावर टॅपेट पुन्हा एकदा तपासायचं, कारण ते एवढ्यात परत घट्ट झालं तर सीट झिजलीय. २७, १५, २७ आलं तर व्हॉल्व्ह जळालाय. मग हेड उतरवावं लागणार, ते लेथवाल्याकडे जाणार, व्हॉल्व्ह आणि सीटचं काम होणार. त्या दिवसाची फवारणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर करावी लागेल. पण लायनर, पिस्टन आणि क्रँकला कोणी हात लावायचा नाही.

तिन्ही सिलिंडर १५-१६ वर असतील, तर मेकॅनिकचा अंदाज बरोबर होता.